पिल्लाला आधी पक्षी, बंदूक नंतर

अमेरिकेत मिडवेस्टला राहणाऱ्या ज्या मंडळींनी लॅब, ब्रिटनी नाहीतर जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर अशा शिकारी जातीचं कुत्रं घेतलंय आणि त्याला घेऊन फेझंटच्या (लांब शेपटीचा, कोंबड्यासारखा रानपक्षी) शिकारीला जायचंय त्यांच्यासाठी लिहितोय. भारतात वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे घरी कोणी शिकवणारं भेटत नाही आणि इकडे येऊन सगळं शून्यापासून शिकावं लागतं.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बंदुकीला बुजणारं कुत्रं बहुतेक वेळा जन्मतः तसं नसतं, माणसाने घाई करून त्याला तसं केलेलं असतं. पिल्लू आणलं, आवाजाला घाबरतं का बघू म्हणून अंगणात जवळच बार उडवला, झालं, ते सोफ्याखाली जाऊन बसतं आणि मग पुढे बंदूक हातात दिसली तरी शेपूट पायात घालतं. "टेस्ट" म्हणून कधीच बार काढायचा नाही. ट्रॅप शूटिंगच्या (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेमबाजी) रेंजवर तर पिल्लाला फिरवायलाही नेऊ नका, तिथे पक्षी नसतो, मजा नसते, नुसता आवाज असतो, आणि ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्यदिनाच्या फटाक्यांच्या, रात्री त्याला घराच्या आतल्या खोलीत ठेवा, टीव्ही पंखा चालू ठेवा.

सुरुवात पक्ष्यापासून. आठ दहा आठवड्यांच्या पिल्लाला कबुतराचा वाळवलेला पंख किंवा फ्रीझरमधून काढून नॉर्मलला आणलेलं मेलेलं कबुतर द्या, हुंगू दे, तोंडात धरून मिरवू दे. ओढाताण करून तोंडातून काढून घेऊ नका नाहीतर ते पुढे पक्षी घेऊन पळायला शिकतं किंवा दातात घट्ट दाबून धरतं, त्यापेक्षा खाली बसा, जवळ येऊ दे, आधी त्याचं कौतुक करा, मग हळूच घ्या. दात पडत असतात तेव्हा, म्हणजे साधारण चार ते सहा महिन्यांचं असताना, हिरड्या दुखतात म्हणून तोंडात धरायचा आग्रह करायचा नाही. काठीला दोरीने पंख बांधून त्याच्यापुढे नाचवायचा खेळ पॉइंटर जातीत (पक्ष्याचा वास आला की थबकून दाखवणारी कुत्री) एकदोनदाच ठीक, जास्त केलात तर ते डोळ्यांनी शिकार करायला लागतं आणि आपल्याला तर त्याचं नाक कामाला लावायचंय.

मग जिवंत पक्षी. कबुतर सगळ्यात बरं, स्वस्त मिळतं, दणकट असतं. एका पंखाची पिसं टेपने बांधली की ते उडू शकत नाही, फक्त गवतात फडफडत पळतं. वारा पक्ष्याकडून पिल्लाकडे येईल अशा बाजूने त्याला आणा म्हणजे आधी वास येईल. इथे नीट बघा, नाक वर जातं, पाय हळू पडायला लागतात, काही पिल्लं एकदम थबकतात, एक पुढचा पाय उचललेला आणि शेपूट नुसती थरथरतेय, आणि काही सरळ उडी मारतात. दोन्ही चालतं. या वयात थांब, बस, नको काही ओरडायचं नाही, पाठलाग करू दे, फडफडीला घाबरून मागे सरकलं तर तुम्ही गप्प उभे रहा, ते स्वतःच परत येतं. फेझंटचा कोंबडा मात्र इतक्यात नको, त्याच्या पायाला काटे असतात, एकदा जोरात लागलं की लहान पिल्लू पक्ष्याचंच नाव घेत नाही. लावे आणि चकोर गेम फार्मवर (शिकारीचे पक्षी पाळणारी फार्म) विकत मिळतात, ते दुसऱ्या टप्प्याला ठेवा. बऱ्याच राज्यांत घरट्यांच्या काळात रानातल्या पक्ष्यांवर कुत्रं शिकवायला मनाई असते तेव्हा आपल्या राज्याच्या गेम खात्याचे (शिकार आणि वन्यजीव खातं) नियम आधी वाचा.

आता आवाज. पिल्लू उडणाऱ्या कबुतरामागे वेड्यासारखं धावतंय, हाक मारली तरी मागे बघत नाही, इथपर्यंत आलात तरच पुढे जा, ते तीन महिन्यात होवो नाहीतर आठ महिन्यात. एक माणूस पिल्लाबरोबर आणि एक शंभर यार्डांवर .२२ चं ब्लँक पिस्तूल (गोळी नाही, नुसता आवाज) घेऊन, तोंड दुसऱ्या दिशेला. पक्षी सोडायचा, पाठलाग पूर्ण रंगात आला की हात वर करून खूण, आणि एकच बार. लगेच पिल्लाकडे बघा, पिस्तुलाकडे नाही. धावणं तसंच चालू, शेपूट तशीच, म्हणजे आवाज त्याच्या लेखी पाठलागाचा भाग झाला. कान मागे गेले, थांबलं, तुमच्या पायाशी आलं तर त्या दिवशी आवाज बंद. कुशीत घेऊन अरे बाळा करू नका, ओरडूही नका, जणू काही झालंच नाही असं चालत रहा, आणि पुढचे बरेच दिवस फक्त पक्षी, नंतर दुप्पट अंतरावरून परत सुरुवात.

सगळं सुरळीत असेल तर दर वेळी दहा पंधरा पावलं जवळ यायचं, आणि एका दिवशी दोनतीनच बार, मजा येतेय म्हणून दहा काढायचे नाहीत. पिस्तूल जवळ आलं की शॉटगन (छर्ऱ्यांची बंदूक) परत लांबून, आधी लहान नळीची .४१० किंवा २० गेज, शेवटी मोठी १२ गेज. कुत्र्याच्या डोक्यावरून नळी कधीही न्यायची नाही, त्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतात आणि एकदा खराब झाले की परत येत नाहीत. तुम्हीही कानात प्लग घाला, ब्लँकचा आवाजही जवळून वाईट असतो आणि त्याच्या नळीतून गरम गॅस येतो.

यानंतर खरा धडा, बार झाला आणि पक्षी खाली पडला. नेमबाज चांगला असू दे, कारण पिल्लाला हेच कळायला हवं की आवाज झाला म्हणजे काहीतरी पडतं आणि ते आपलं. आठवडाभर असं दोनचारदा झालं की बंदूक कपाटातून काढताना ते दारात नाचायला लागतं.

मोबाईलवर गोळीबाराचे आवाज लावून सवय करायचे व्हिडिओ खूप आहेत, माझ्या मते शिकारी कुत्र्यासाठी ते कामाचे नाहीत, स्पीकरमध्ये खऱ्या बाराचा हवेतला दणका येत नाही आणि मुख्य म्हणजे तिथे पक्षी नाही. जेवणाच्या वेळी थाळी थोडी वाजवणं ठीक आहे, तेवढं घरचं कुत्रं दिवाळीत फटाक्याला कमी दचकावं म्हणूनही करता येतं, लांबचा हलका आवाज आणि सोबत आवडीचा खाऊ, पण तेही दिवाळीच्या दोनतीन महिने आधीपासून.

एकट्याने जमत नसेल तर नॉर्थ अमेरिकन व्हर्सटाइल हंटिंग डॉग असोसिएशनच्या जवळच्या शाखेत जा, १९६९ पासून आहेत, ट्रेनिंगच्या दिवशी पक्षी आणि अनुभवी माणसं दोन्ही मिळतात. त्यांची नॅचरल ॲबिलिटी टेस्ट १६ महिन्यांपर्यंतच्या कुत्र्यांची असते आणि त्यात कुत्रं शोधात असताना बार काढून बुजतंय का ते बघतात.

पहिल्या खऱ्या शिकारीला चारपाच बंदुकांच्या टोळीत नेऊ नका. एक अनुभवी मित्र, एक बंदूक, तुम्ही स्वतः रिकाम्या हाताने कुत्र्याबरोबर, दोघांच्या अंगात केशरी जॅकेट, कुत्र्याच्या गळ्यात केशरी पट्टा, पाण्याची बाटली, आणि दोन पक्षी झाले की घरी.