मल्टीटूल वायरचं की बॅटरीचं? घेण्याआधी आणि घेतल्यावर या चुका टाळा

घरकामासाठी मल्टीटूल, म्हणजे पातं थरथरवून कापणारं, खरवडणारं, घासणारं हातातलं विजेचं मशीन, घ्यायचं ठरवून कुणी विचारायला आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती व्होल्टचं घेऊ? मी उलट विचारतो, काम काय आहे? निम्म्या लोकांकडे उत्तर नसतं. व्हिडिओ पाहिला, हात शिवशिवले, ऑफर चालू होती, एवढंच.

मग सुटसुटीत दिसतं म्हणून बॅटरीचं घेतलं जातं. ड्रिलवरून अंदाज बांधतात, तिथेच फसतात. ड्रिल एका भोकाला दहा सेकंद चालतं आणि थांबतं. मल्टीटूलचं काम तसं नाही. टाइल्सच्या सांध्यांत भरलेलं ग्राउट खरवडा, चौकट कापा, कोपऱ्यात सँडिंग करा, मशीन मिनिटामागून मिनिट चालूच असतं. हिशेब करून बघा. 18 व्होल्ट, 2 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 36 वॅट-अवर. वायरचं साधं मल्टीटूल 250 ते 300 वॅटचं असतं. 250 वॅटचा जोर सलग लावला तर ती बॅटरी साडेआठ मिनिटांत रिकामी होईल. एवढा भार सतत पडत नाही हे खरं, पण सागवानी चौकटीवर मला एका चार्जिंगमध्ये पंधरा-वीस मिनिटांच्या वर काम कधी मिळालेलं नाही.

हे मी चिंचवडला शिकलो. मेहुण्याच्या फ्लॅटमध्ये जुन्या फरशीवरच नवीन टाइल्स बसवायच्या होत्या. टाइल 9 मिलिमीटर, खाली टाइल चिकटवायच्या केमिकलचे तीन-चार, म्हणजे प्रत्येक चौकटीचा पाय तळातून साधारण 13 मिलिमीटर कापायचा, म्हणजे टाइल त्याखाली सरकते. पाच चौकटी, दहा पाय. मी एकच बॅटरी घेऊन गेलो. तिसऱ्या चौकटीच्या दुसऱ्या पायात पातं अर्धं शिरलं आणि मशीन बंद. चार्जरला तासभर हवा होता. तिकडे फरशीवाल्याने अख्खी गोणी कालवून ठेवलेली. थोड्या वेळाने म्हणाला, “दादा, केमिकल सेट व्हायला लागलं. ग्राइंडर मारू का?” मी नको म्हणेपर्यंत त्याने ग्राइंडर लावलासुद्धा. ग्राइंडरचं पातं गोल, ते कोपऱ्यात पोचतच नाही. सागवान जळाल्याचा वास घरभर पसरला आणि चौकटीवर बोटभर लांबीचा काळा अर्धगोल उमटला. दोनदा पॉलिश करूनही तो डाग दिसतो. दिवाळीला गेलो की माझी नजर आधी तिथेच जाते.

त्यामुळे माझं मत पक्कं आहे. वर्षातून चार-पाच वेळा मशीन काढणार असाल आणि काम घरातच असेल, तर वायरचं घ्या. ते माळ्यावर दोन वर्षं पडलं तरी प्लग लावला की चालतं. बॅटरीचं घ्यावं ते दोनच माणसांनी : ज्यांच्याकडे त्याच कंपनीच्या ड्रिलच्या दोन बॅटऱ्या आधीपासून आहेत त्यांनी, किंवा ज्यांना गच्चीवर, शिडीवर, सिंकखालच्या कपाटात डोकं घालून काम करावं लागतं त्यांनी. ओल्या बाथरूममध्येही मी बॅटरीचंच वापरतो. पाण्यात वायर लोळलेली मला चालत नाही.

स्वस्त दिसणाऱ्या बॅटरीच्या मशीनच्या बॉक्सवर ‘सोलो’ लिहिलंय का ते बघा. त्यात बॅटरीही नसते आणि चार्जरही नसतो.

वायरच्या मशीनला 16 अँपिअरचा पॉइंट लागत नाही. 250 वॅट म्हणजे 230 व्होल्टवर जेमतेम सव्वा अँपिअरच्या आत. साधा 6 अँपिअरचा प्लग पुरतो.

यानंतरची चूक दोन्ही प्रकारांत होते आणि मला तिचा खरोखर राग येतो : मशीन दाबणं. या हत्याराचा पूर्वज म्हणजे जर्मनीच्या फाइन कंपनीने 1967 मध्ये आणलेली, हाडाचं प्लास्टर कापायची करवत. पातं गोल फिरत नाही, जेमतेम तीन अंशांत डावीकडे-उजवीकडे थरथरतं, पण मिनिटाला वीस हजारांपर्यंत वेळा. कापतं ते या थरथरीमुळे. तुम्ही अंगाचा भार टाकलात की पात्याची थरथर दबते, दात एकाच जागी घासत बसतात, तापतात आणि बोथट होतात. लाकडातून धूर आला की समजा, तुम्ही दाबताय. बॅटरीच्या मशीनवर तर दाबण्याची किंमत दुप्पट, कारण चार्जही तिथेच जळतो. मी हात सैल ठेवतो, पातं चिरेत हलकेच मागेपुढे करतो आणि भुसा बाहेर येऊ देतो. पाच मिनिटांत चौकट उरकायची घाई असेल त्याने सरळ सुताराला बोलवावं. आणि प्लास्टरच्या करवतीची गोष्ट ऐकून लाकडाच्या दातेरी पात्याला बोट लावून बघू नका, ते कापतं.

पात्यांचं थोडक्यात. जुन्या चौकटीत खिळा किंवा होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी) असतोच, म्हणून बायमेटल, म्हणजे धातूही कापणारं पातं लावा, साध्या लाकडी पात्याचे दात पहिल्याच खिळ्याला जातात. ग्राउटला कार्बाइडचं, म्हणजे अतिकठीण कडेचं पातं. स्टारलॉक ही मशीनला पातं अडकवायची पद्धत. साध्या स्टारलॉकचं मशीन असेल तर स्टारलॉक मॅक्सचं पातं त्यावर बसत नाही, साधं स्टारलॉकचं पातं मात्र मॅक्सच्या मशीनवर बसतं.

भिंतीत चीर पाडणाऱ्यांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगतो. “बॅटरीचं आहे, शॉक कसला लागतोय?” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता काळजाचा ठोका चुकतो. शॉक मशीनमधून लागत नाही, भिंतीतल्या कन्सील वायरमधून लागतो. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत कापायचं असेल तर आधी मेन बंद करा आणि टेस्टरने तपासा. इथे मात्र बॅटरीचं मशीन खरंच उपयोगी पडतं, कारण वायरच्या मशीनसाठी लोक मेन चालू ठेवून जुगाड करतात. तोंडाला मास्क हवाच, ग्राउट आणि गिलाव्याची धूळ फुफ्फुसात बसते.

बॅटरी घेतलीच असेल तर ती फुल चार्ज करून मे महिन्यात माळ्यावर टाकू नका. उष्णता आणि पूर्ण चार्ज एकत्र आले की लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते. मी बॅटरीवरच्या चार्ज दाखवणाऱ्या चार दिव्यांपैकी दोन उरले की ती मशीनमधून काढून कपाटाच्या खालच्या खणात ठेवतो आणि दर तीन महिन्यांनी बटण दाबून दिवे मोजतो.