प्रकटीकरण वाचताना या चुका टाळा

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका मावशींनी चार महिने रेशन उचललं नव्हतं. दुकानात मशीनवर अंगठा लावावा लागतो, आणि त्या लावत होत्या तो उजव्या हाताचा. कोणीतरी त्यांना मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता: बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या १३व्या अध्यायात उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण घेतल्याशिवाय कोणाला विकत घेता येणार नाही असं लिहिलंय, ती खूण हीच. मावशी देवभीरू. गव्हावर पाणी सोडलं, पण अंगठा लावला नाही. आणि हे मला कळलं ते बुधवारच्या शास्त्राभ्यासात, शेजारणीच्या तोंडून.

तेव्हापासून शेवटच्या काळाची वचनं शिकवताना माणसं नेमकी कुठे घसरतात, ते मी आधी सांगतो.

चिन्ह दिसलं की बातम्यांकडे धावणं

ही सगळ्यात मोठी चूक. भारुडात विंचू चावला म्हणून कोणी उतारा शोधायला पळत नाही. तो विंचू कुठला, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. वर्तमानपत्राच्या व्यंगचित्रात घड्याळ, कमळ, हात, मशाल दिसली की आपल्याला पक्षांची नावं सांगावी लागत नाहीत. पण शंभर वर्षांनी दुसऱ्या देशातल्या माणसाने ते चित्र पाहिलं, तर तो घड्याळात किती वाजले ते बघत बसेल. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाची चित्रं आपण नेमकी तशीच बघतो.

त्याच्या चित्रांची किल्ली आधी त्याच पुस्तकात शोधायची. सात तारे आणि सात समया म्हणजे काय, हे १:२० मध्ये सरळ सांगितलंय: मंडळ्यांचे दूत आणि मंडळ्या. सतराव्या अध्यायात सात डोकी म्हणजे सात डोंगर आणि ती स्त्री म्हणजे मोठी नगरी, हेही लिहिलंय. सात टेकड्यांचं शहर म्हटल्यावर त्या काळच्या माणसाला रोमच आठवणार. पुस्तकात उत्तर सापडलं नाही, तर जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग, उघडायचा. तेराव्या अध्यायातल्या श्वापदाचं अंग चित्त्याचं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं. दानीएलाच्या सातव्या अध्यायात सिंह, अस्वल, चित्ता असे वेगवेगळे प्राणी येतात, आणि ते राजे आहेत असं तिथेच सांगितलंय. योहानाने ते सगळे एका अंगात आणले. निरनिराळ्या वेळी आलेल्या जुलमी सत्तांचा सगळा क्रूरपणा एकाच ठिकाणी, असं तो दाखवतोय. प्रकटीकरणातले चार घोडे आधी जखऱ्याच्या पुस्तकात आहेत, टोळ योएलाच्या.

टोळांवरून आठवलं. २०२० च्या मे महिन्यात विदर्भात खरंच टोळधाड आली होती, आणि त्याच आठवड्यात माझ्याकडे प्रकटीकरणाचा नववा अध्याय फॉरवर्ड होऊन आला. पाठवणाऱ्याने चौथं वचन वाचलं असतं तर पाठवला नसता. त्या टोळांना गवताला, हिरव्या पाल्याला, झाडाला हात लावायचा नाही अशी ताकीद आहे. आणि आपल्याकडचे टोळ दुसरं काय खातात?

आता ६६६, तेराव्या अध्यायाच्या शेवटी दिलेली श्वापदाची संख्या. मोबाईल नंबरात ही संख्या आली म्हणून सिमकार्ड बदलणारी माणसं मी पाहिली आहेत. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते. रोमन सम्राट नीरोचं ‘नेरोन केसर’ हे नाव त्या अक्षरांत मांडा: नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, मग कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६. शेवटचा नून गाळून लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहिलं, तर ६१६. आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ आहे. दुसऱ्या शतकात इरेनियस या बिशपलाही तो पाठ माहीत होता, त्याने तो चुकीचा ठरवला. या वचनाचा अर्थ नीरोपाशी संपतो असं मी म्हणत नाही. पण ज्याला बुद्धी आहे त्याने हिशेब करावा, असं योहान आपल्या वाचकांना सांगतो. म्हणजे तो हिशेब त्यांना करता येण्यासारखा होता. त्यांच्याकडे बारकोड नव्हते.

पत्र कोणाला लिहिलंय, हे विसरणं

प्रकटीकरण हे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना पाठवलेलं पत्र आहे. मोठ्याने वाचायचं आणि बसून ऐकायचं. त्या गावांची माहिती नसेल तर सोपी वचनंही उलटी होतात.

त्या सातांपैकी लावदिकीयाचंच घ्या. “तू ना थंड ना गरम, तू कोमट” यावर आपण वर्षानुवर्षं उपदेश ऐकतो की गरम म्हणजे आवेशी, थंड म्हणजे अविश्वासी. मग प्रभू “तू थंड किंवा गरम असतास तर बरं होतं” असं का म्हणतो? कोणी अविश्वासी व्हावं असं त्याला वाटेल का? लावदिकीयाजवळ एका बाजूला हेरापलीचे गरम पाण्याचे झरे होते, अंग शेकायला लोक तिथे जात. दुसऱ्या बाजूला कलस्सैचं थंड, पिण्याजोगं पाणी. लावदिकीयाला पाणी नळांतून लांबून यायचं. गरम पाणी उपयोगी, थंडही उपयोगी. कोमट पाणी तोंडात घेतलं की थुंकावंसं वाटतं. प्रश्न कामाला येण्याचा आहे.

त्याच पत्रात “मी श्रीमंत आहे, मला कशाची गरज नाही” हा त्यांचा तोरा येतो. इ.स. ६० मध्ये हे शहर भूकंपात पडलं आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या बळावर उभं राहिलं, अशी नोंद टॅसिटस या रोमन इतिहासकाराने केली आहे. हे कळल्यावर ते वचन कसं बोचतं बघा.

पानं म्हणजे कॅलेंडर समजणं

पुस्तकात येणारे सात शिक्के, मग सात कर्णे, मग सात वाट्या, अशा एकवीस घटना ओळीने मांडून भिंतीवर तक्ता लावतात. पण सहाव्या शिक्क्यालाच आकाश गुंडाळलं जातं. मग पुढचे सोळा अध्याय कशाचे? अकराव्या अध्यायात जगाचं राज्य प्रभूचं झालं असं जाहीर होतं आणि बाराव्यात बाळाचा जन्म! गर्जना आणि भूकंप तिन्ही मालिकांच्या शेवटी येतात. योहान त्याच डोंगराला पुन्हा पुन्हा वळसा घालतो, दर वेळी थोडा वर चढून. पुस्तकात येणारे ४२ महिने, १२६० दिवस आणि साडेतीन काळ हा एकच हिशेब आहे, महिना तीस दिवसांचा धरून पाहा. सात ही पूर्णतेची संख्या, साडेतीन म्हणजे तिचा अर्धा. छळाला मर्यादा आहे, तो पूर्ण होऊ शकत नाही.

विसाव्या अध्यायातल्या ख्रिस्ताच्या सहस्र वर्षांच्या राज्याबद्दल मी इथे लिहीत नाही. त्यावर प्रामाणिक विश्वासणाऱ्यांची मतं पहिल्या शतकांपासून वेगळी आहेत, आणि त्यावरून मंडळी फुटू नये एवढंच मला वाटतं.

शेवटच्या दिवसाची तारीख काढणं मात्र सरळ अवज्ञा आहे. त्या दिवसाविषयी पुत्राला, म्हणजे येशूलाही, ठाऊक नाही, असं मार्क १३:३२ सांगतं. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, काहींनी शेतात उभं पीक तसंच सोडलं. २०११ मध्ये तिथल्याच हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकाने २१ मे सांगितली, मग २१ ऑक्टोबर. पीक सोडून बसलेल्यांच्या घरातल्या पोरांनी पुढे काय खाल्लं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द प्रकटीकरणात एकदाही नाही. तो योहानाच्या पहिल्या दोन पत्रांत आहे, आणि तिथे तर असे पुष्कळ झाले आहेत असं म्हटलंय.

तेराव्या अध्यायाच्या शेवटी पुस्तक मिटणं

मावशींच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी पुस्तक काढलं. तेराव्याचं शेवटचं वचन पेन्सिलीने इतकं गिरवलेलं की कागद पातळ झाला होता. अध्यायांचे आकडे योहानाने घातलेले नाहीत, ते तेराव्या शतकात आले, असं मी त्यांना सांगितलं आणि म्हटलं, “मावशी, न थांबता पुढचं वाचा.”

त्यांनी चष्मा पुसून वाचलं: कोकरा (म्हणजे ख्रिस्त) सियोन डोंगरावर उभा आहे, त्याच्याबरोबर एक लाख चव्वेचाळीस हजार, आणि त्यांच्या कपाळावर त्याचं नाव आणि त्याच्या पित्याचं नाव लिहिलेलं.

मग आम्ही जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा सहावा अध्याय काढला, जिथे देवाची वचनं हाताला आणि कपाळाला बांधायला सांगितली आहेत. हात म्हणजे माणूस काय करतो, कपाळ म्हणजे काय धरून जगतो. तुम्ही कोणाच्या, हे ती खूण सांगते. मशीनवर अंगठा टेकल्याने माणूस मालक बदलत नाही.

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “बाळा, म्हणजे माझ्या कपाळावर आधीच नाव आहे?”

“आहे मावशी.”

त्यांनी आत जाऊन रेशनकार्ड शोधायला घेतलं.