युगांडात डोळ्याच्या कर्करोगाचा अभ्यास करायचा असेल तर

युगांडात डोळ्याच्या कर्करोगावर काम करायला निघालेले तरुण मराठी डॉक्टर मला अधूनमधून फोन करतात. पहिला प्रश्न बहुतेक यंत्रांचा असतो. ओसीटी (डोळ्याच्या आतल्या थरांचं चित्र काढणारं यंत्र) मिळेल का, जनुकीय तपासणी कुठे होईल, वगैरे. मी उलट विचारते, तुमचा रुग्ण तीन महिन्यांनी परत कसा येणार? पश्चिम युगांडात, म्बराराच्या आसपास, संशोधन समन्वयक म्हणून काम करताना माझं एक मत पक्कं झालं. तिथला अभ्यास तडीला जाणं दोन गोष्टींवर ठरतं. गाठीचा तपासणीसाठी काढलेला तुकडा धड अवस्थेत पॅथॉलॉजिस्टच्या हाती पडला पाहिजे आणि माणूस परत आला पाहिजे. आधी या दोन्हींची सोय लावा, मग यंत्रांचं बघू.

आधी आजार कोणता घ्यायचा ते ठरवा. पूर्व आफ्रिकेत दोन आजार तुमच्यासमोर सतत येतील. एक मोठ्या माणसांचा, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाचा, म्हणजे कंजक्टायव्हाचा स्क्वॅमस कर्करोग. बुबुळाच्या कडेला राखाडी-पांढरी गाठ उठते, सुरुवातीला साध्या वेलासारखी, म्हणजे डोळ्यावर वाढणाऱ्या निरुपद्रवी पडद्यासारखी दिसते आणि म्हणून दुर्लक्षित राहते. विषुववृत्ताजवळचं प्रखर ऊन आणि एचआयव्ही ही त्याची दोन मोठी कारणं. कंपालाच्या संशोधकांनी 1995 साली या कर्करोगाचा एचआयव्हीशी संबंध दाखवून दिला. थंड देशांत हा म्हाताऱ्या पुरुषांचा आजार समजतात. इथे तिशी-चाळिशीतल्या बायकाही तितक्याच दिसतात. दुसरा आजार लहान मुलांचा, रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कर्करोग. बाहुलीत पांढरी चमक दिसते, ती आईच्या लक्षात सगळ्यांत आधी येते, आणि तरीही मूल मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत डोळा अनेकदा खोबणीबाहेर आलेला असतो. 150हून अधिक देशांतल्या चार हजारांवर मुलांच्या एका पाहणीत निदानाच्या वेळचं मधलं वय श्रीमंत देशांत सुमारे 14 महिने निघालं, गरीब देशांत 30 महिन्यांच्या वर. हा सुमारे सोळा महिन्यांचा फरक का पडतो, घरापासून आपल्या दारापर्यंत नेमका कुठे पडतो, हा माझ्या मते तिथला सगळ्यांत मोलाचा प्रश्न आहे, आणि त्याला एकही महागडं यंत्र लागत नाही.

साध्या साधनांना कमी लेखू नका. कंपालाच्या मुलागो रुग्णालयातले सर्जन डेनिस बर्किट यांनी मुलांच्या जबड्यात आणि डोळ्याच्या खोबणीत वाढणाऱ्या एका गाठीचं वर्णन 1958 साली छापलं. ती गाठ कुठे आढळते आणि कुठे नाही, हे शोधायला त्यांनी ठिकठिकाणच्या रुग्णालयांना फोटो आणि प्रश्न पाठवले, 1961 साली दोन सहकाऱ्यांबरोबर गाडीतून हजारो मैल फिरून डॉक्टरांना विचारलं आणि नकाशा भरला. त्यांचा स्वतःचा एक डोळा लहानपणीच अपघातात गेला होता. हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

परवानग्यांबद्दल थोडक्यात. आधी तिथल्या संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, मग युगांडा नॅशनल कौन्सिल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजीकडे नोंदणी. औषधाची चाचणी असेल तर नॅशनल ड्रग अथॉरिटी. नमुने देशाबाहेर न्यायचे तर त्याचा वेगळा करार. वैयक्तिक माहितीचा 2019चा कायदाही वाचून ठेवा. हे सगळं तिथल्या मुख्य संशोधकाच्या नावाने आणि त्याच्याच सल्ल्याने करा. तो माणूस नुसता सहीपुरता असेल तर अभ्यास सुरू करू नका, कारण तुम्ही परत गेल्यावर रुग्ण त्याच्याच दारात उभे राहणार आहेत.

आता तुकड्याकडे येते. कंजक्टायव्हाचा तुकडा अगदी पातळ असतो. कापून थेट फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात टाकला की गुंडाळी होते, आणि मग कडेपर्यंत रोग पोहोचलाय की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तो फिल्टर पेपरवर किंवा टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटातल्या पुठ्ठ्यावर सपाट पसरा, मिनिटभर चिकटू द्या आणि कागदासकट बाटलीत सोडा. कागदावर शिसपेन्सिलीने बुबुळाची बाजू आणि नाकाची बाजू लिहा. शाईने लिहिलं तर प्रयोगशाळेतल्या अल्कोहोलमध्ये ते धुऊन जातं. फॉर्मॅलिन 10 टक्के आणि बफर घातलेलं असावं, तुकड्याच्या दसपट तरी. बाजारात मिळणारं तीव्र द्रावण पाण्यात अंदाजाने मिसळून काम भागवणारी मंडळी भेटतील. त्यांना रागावण्यापेक्षा तयार बाटल्या भरून, लेबलं लावून शस्त्रक्रियेच्या खोलीत ठेवून द्या. बाटलीचा क्रमांक, ऑपरेशनच्या रजिस्टरमधला क्रमांक आणि तुमच्या फॉर्मचा क्रमांक एकच ठेवा.

रेटिनोब्लास्टोमाचा डोळा काढताना डोळ्यामागची दृष्टीची नस जितकी लांब मिळेल तितकी हवी, दहा मिलिमीटरच्या पुढे. नसेच्या कापलेल्या टोकाचा काप डोळा उघडण्याआधी वेगळ्या बाटलीत घ्यायचा, नाहीतर आतल्या पेशी सांडून नसेवर बसतात आणि रोग पसरल्याचा खोटा निकाल येतो. आणि या आजाराचा संशय असलेल्या डोळ्यात निदानासाठी सुई कधीही घालायची नाही. सुईच्या वाटेने रोग बाहेर पडतो. हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा.

पॅथॉलॉजीचा खर्च अभ्यासाने उचलायचा, रुग्णाकडून एक शिलिंगही नाही. पैसे मागितले की लोक तुकडा घरी नेतात किंवा तो कपाटात पडून राहतो. काचपट्ट्या दोन पॅथॉलॉजिस्टनी एकमेकांचं मत न बघता वाचाव्यात.

चांगला प्रश्न कसा असतो, याचं उदाहरण शेजारच्या केनियातून देते. डॉ. स्टीफन गिचुही आणि सहकाऱ्यांनी दोन साधे प्रश्न घेतले. टोल्युइडीन ब्लू या निळ्या रंगाचा 0.05 टक्क्यांचा थेंब टाकून कर्करोग ओळखता येतो का? उत्तर असं आलं की कर्करोग असलेल्या शंभरांतल्या 92 गाठी निळ्या होतात, पण कर्करोग नसलेल्याही बऱ्याच होतात. म्हणजे रंग चढला नाही तर बराच धीर, चढला तर तुकडा तपासायलाच हवा. दुसरा प्रश्न, शस्त्रक्रियेनंतर 1 टक्का फ्लुरोयुरॅसिल या कर्करोगाच्या औषधाचे थेंब दिवसातून चार वेळा, चार आठवडे दिले तर गाठ परत येणं थांबतं का? 2016 साली निकाल छापून आला. वर्षभरात औषधवाल्या गटात 11 टक्के लोकांना गाठ परत आली, दुसऱ्या गटात 36 टक्क्यांना. औषध जुनं, स्वस्त, कर्करोग विभागात असतंच. या अभ्यासात मला सगळ्यांत भावतं ते वेगळंच. घेतलेल्या 98 जणांपैकी फक्त चौघे हातून सुटले.

ते कसं जमवायचं, त्यावर सगळा जीव ओता. नाव लिहिताना पत्त्यात जिल्हा, सब-काउंटी, पॅरिश आणि गाव एवढं लिहा, आणि गावच्या एलसी-वन चेअरमनचं, म्हणजे गावपातळीवरच्या स्थानिक परिषदेच्या प्रमुखाचं नाव. गावात कोण कुठे राहतं, कोण कंपालाला गेलं, हे त्याला ठाऊक असतं. फोन नंबर एकच घेऊ नका. फोन बऱ्याचदा घरातल्या दुसऱ्या कुणाचा असतो, सिमकार्डं बदलतात, चार्जिंग बाजारात जाऊन करावं लागतं. रुग्णाचा, भावाचा, शेजाऱ्याचा असे तीन नंबर घ्या आणि रुग्ण समोर बसलेला असतानाच तिन्ही लावून बघा. त्या शेजाऱ्याला आजाराचं काय सांगायचं नाही, तेही रुग्णाला तिथेच विचारून लिहून ठेवा. कंजक्टायव्हाची गाठ हे कित्येकदा एचआयव्हीचं पहिलं लक्षण असतं. एचआयव्हीची तपासणी समुपदेशन करून, संमतीने, आणि उपचाराची चिठ्ठी त्याच दिवशी हातात. संशोधनासाठी रक्त घेतलं आणि निकाल फाइलमध्ये ठेवला, हे मला मान्य नाही.

येण्याजाण्याचे पैसे प्रत्यक्ष खर्चाइतके द्या: गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत बोडा-बोडा (भाड्याची मोटारसायकल), पुढे टॅक्सीव्हॅन, आणि सोबत येणाऱ्याचंही भाडं. मोबाईल मनीने आदल्या दिवशी पाठवले तर माणूस उधारी न करता निघू शकतो. तारखा पेरणीच्या दिवसांत ठेवू नका. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर पाऊस असतो, शेतं सोडवत नाहीत, मातीचे रस्ते तुटतात. रांगेत दिवसभर बसवून दहा मिनिटं तपासलं तर पुढच्या वेळी तो माणूस का यावा? अभ्यासाच्या रुग्णाला ठरल्या वेळी तपासणं हे त्याचं देणं आहे.

संमतिपत्र रुन्यांकोले किंवा लुगांडा या तिथल्या भाषांत हवं, आणि ते भाषांतर दुसऱ्या माणसाकडून इंग्रजीत उलट करून ताडून बघायचं. अंगठा घ्यायचा असेल तर साक्षीदार अभ्यासाबाहेरचा असावा. बोलायची सुरुवात ‘अगांडी’ म्हणून घरच्यांची, गुरांची चौकशी करून होते. ती दोन मिनिटं वाचवू नका.

मुलाचा डोळा काढायचा म्हटल्यावर आईबाप निघून जातात, हा तिथला सगळ्यांत जड क्षण. समजावायला पांढऱ्या कोटापेक्षा दुसरी आई जास्त उपयोगी पडते, जिचं मूल कृत्रिम डोळा लावून शाळेत जातं. तिची तयारी असेल तर तिला बोलवा, तिचं भाडं द्या. निर्णय बहुधा वडील आणि आजोबा मिळून घेतात, म्हणून फोनवर त्यांच्याशीही बोला. गाठ फार मोठी असेल तर आधी केमोथेरपी देऊन मग डोळा काढतात. म्बराराच्या रुहारो नेत्ररुग्णालयाने ही मुलं वर्षानुवर्षं सांभाळली आहेत, तिथल्या परिचारिकांकडून शिकण्यासारखं खूप आहे. 

माहिती भरायला ओडीके हे फोनवरचं अ‍ॅप चालतं, नेट नसलं तरी. शेजारी कागदी रजिस्टर ठेवाच. मात्र एका रकान्यावर हट्ट धरा. उपचार सोडून गेलेलं मूल ‘माहिती नाही’ म्हणून बाजूला काढायचं नाही. उपचार सोडणं हाच एक निकाल म्हणून नोंदवायचा. गरीब देशांत या मुलांचं तीन वर्षं जगण्याचं प्रमाण 57 टक्क्यांच्या आसपास आलं आहे, श्रीमंत देशांत ते 99च्या वर आहे. सोडून गेलेल्यांना हिशोबातून वगळलंत तर आकडा गोंडस दिसेल आणि मुलं मात्र त्याच कारणाने मरत राहतील.

म्हणून अनुदानाच्या पहिल्याच अर्जात शोधफेरीचे, म्हणजे न आलेल्या रुग्णाला घरी जाऊन शोधण्याचे पैसे मागा. गाडी, डिझेल, भाषा येणारा ऑफ्थॅल्मिक क्लिनिकल ऑफिसर (डोळ्यांचं प्रशिक्षण घेतलेला, डॉक्टर नसलेला आरोग्य कर्मचारी), गावच्या आरोग्य स्वयंसेवकाचा दिवसाचा भत्ता, रात्रीचा मुक्काम. तारीख चुकली की आठवड्यात फोन, महिन्यात माणूस घरी. सोबत टॉर्च आणि हाताने धरायची तपासणीची साधनं न्या, म्हणजे घराच्या ओट्यावरच डोळा तपासता येईल आणि गरज असेल तर त्याच गाडीतून रुग्णाला आणता येईल. अनुदान देणारे हा खर्च कापायला बघतात. कापायचाच असेल तर त्यांना सॉफ्टवेअरचा खर्च कापायला सांगा.