किनाऱ्याची झीज पाहायला निघालात? आधी या चुका टाळा

'समुद्र पन्नास मीटर आत आला' हा निष्कर्ष बहुतेक वेळा दोन फोटोंवरून काढलेला असतो: एक भरतीचा, एक ओहोटीचा. पुळणीचा उतार पन्नासास एक असेल, तर पाणी एक मीटर चढलं की त्याची कड पन्नास मीटर आत सरकते. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर जाते, मग फरक दिसणारच. ती झीज नव्हे.

ऋतूचंही तसंच. जून ते सप्टेंबर खवळलेल्या लाटा जुहू-अक्साची वाळू ओढून पाण्याखालच्या दांड्यांत, म्हणजे वाळूच्या लांबट उंचवट्यांत, नेतात आणि हिवाळ्यातल्या शांत लाटा त्यातली बरीच परत आणतात. म्हणून जानेवारीची तुलना जानेवारीशीच करा, तीही त्याच तिथीला आणि भरती-ओहोटीची तीच वेळ साधून. न हलणारी खूण निवडा, उदाहरणार्थ भिंतीचा कोपरा. तिथून टेप सरळ पाण्याच्या दिशेने धरा.

वांद्र्याच्या बँडस्टँडचे खडक बघायला दुपारी बाराला, तेही पौर्णिमेला, जाल तर हाती काही लागणार नाही. अमावस्या-पौर्णिमेला मुंबईत भरती बाराच्या आसपास असते, ओहोटी सहाच्या सुमारास. ही वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. तरंगघर्षित मंच, म्हणजे लाटांनी झिजवून सपाट केलेला खडकाचा ओटा, ओहोटीलाच उघडा पडतो. ओहोटीच्या दीड तास आधी उतरा आणि पाणी वळताच परत फिरा. शेवाळावर पाय टाकू नका. पावसाळ्यात तर खडकांवर उतरूच नका.

काळा खडक, म्हणजे बेसाल्ट, टणक, म्हणून झिजत नाही, हाही गैरसमज. लाट आदळली की भेगेतली हवा दाबली जाते, लाट मागे हटताच ती झटक्यात फुगते. भेग रुंदावत जाते आणि शेवटी अख्खा चिरा सुटतो. जवळून पाहा: खोबणीच्या कडा धारदार असतील तर चिरा अलीकडे निघालाय, गुळगुळीत असतील तर गोट्यांनी ती जागा बराच काळ घासली आहे. वरळी, मलबार हिलला बेसाल्टच्या थरांमध्ये मऊ गाळाचे थर आहेत. असा थर लाटांच्या माऱ्यात आला तर आधी तोच झिजतो.

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला सागरी स्तंभ म्हणू नका. ते उभे खांब लाटांनी कोरलेले नाहीत, लाव्हा थंड होऊन आकसताना तडकला त्यातून झालेत. सागरी स्तंभ, म्हणजे समुद्रात सुटा उभा राहिलेला खडक, बनतो लाटांनी कोरलेली कमान कोसळल्यावर.

आणि भिंत बांधली की किनारा वाचला, असं धरून चालू नका. उभ्या भिंतीवरून लाट परत फिरते आणि पायथ्याची वाळू उकरते. मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, लाट फोडून तिचा जोर कमी करतात, ते त्यासाठीच. भिंत तपासताना वरचा गिलावा नव्हे, पायथा पाहा: पाया उघडा पडलाय का, खालून पोकळी झालीय का.