यूएसबी टीव्ही ट्यूनर डोंगल थंड कसा ठेवावा

आरटीएल2832यू चिप आणि आर820टी2 ट्यूनर असलेला डोंगल मुळात डीव्हीबी-टी (अँटेनावरून मिळणाऱ्या डिजिटल टीव्हीची एक पद्धत) प्रक्षेपण पाहण्यासाठी बनला. दूरदर्शनचं अँटेनावरून मिळणारं डिजिटल प्रक्षेपण डीव्हीबी-टी2 या पुढच्या पद्धतीचं आहे, ते याला झेपत नाही. त्यामुळे आपल्याकडे तो रेडिओ रिसीव्हर म्हणूनच जास्त वापरला जातो, आणि तोही दिवसरात्र. 5 व्होल्टवर हा साधारण 280 ते 300 मिलिअँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे दीड वॅटच्या आसपास. त्यातला जवळजवळ अर्धा वॅट 5 चे 3.3 व्होल्ट करणाऱ्या रेग्युलेटरमध्येच तापून जातो. अंगठ्याएवढ्या बंद प्लास्टिकच्या डबीत ही उष्णता कोंडते. मग डोंगलला ठेका देणाऱ्या 28.8 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलची वारंवारता सरकते आणि 1.5 गिगाहर्ट्झच्या वर ट्यूनरचं लॉक, म्हणजे निवडलेल्या वारंवारतेवरची पकड, सुटू लागतं.

आधी डोंगल लॅपटॉपच्या किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या अंगाला थेट खोचणं थांबवा. अर्धा ते एक मीटरची चांगली शील्ड असलेली यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावा. संगणकाची उष्णता लांब राहते आणि त्याचा विद्युत गोंगाटही कमी होतो. काम नसेल तेव्हा सॉफ्टवेअर बंद ठेवा, म्हणजे ट्यूनरही विसावतो.

आता डबी. डोंगल काढून थंड होऊ द्या. शिवणीत जुनं प्लास्टिक कार्ड सरकवून खटके सोडवा. स्क्रूड्रायव्हर आत घुसला की कडेचे बारीक कपॅसिटर उखडतात. बहुतेक लोक इथे चिपच्या डोक्यावर छोटा हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा तुकडा) चिकटवतात. त्याने थोडा फरक पडतो. पण या चिपांच्या पोटाखाली धातूची चकती असते आणि उष्णता त्या वाटेने बोर्डात उतरते. म्हणून खरी जागा बोर्डाची पाठ.

ॲल्युमिनियमची छोटी डबी घ्या आणि चिपांच्या मागची बाजू थर्मल पॅडने (उष्णता वाहून नेणारी मऊ गादी) तिच्या भिंतीला टेकवा. पॅड विद्युतरोधक सिलिकॉनचाच हवा. उघडं ॲल्युमिनियम पाठीवरच्या सोल्डरला लागलं तर शॉर्ट होईल. जाडी अंदाजाने घेऊ नका. कणकेची छोटी गोळी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फटीत ठेवा, डबी बंद करून उघडा आणि चपट्या झालेल्या गोळीची जाडी मोजा. त्याहून अर्धा मिलिमीटर जाड पॅड बसवला की तो नीट दाबला जातो. पातळ पॅडमध्ये हवेची फट राहते, फार जाड पॅडने बोर्ड वाकतो.

हीटसिंकही लावायचा असेल तर चिप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कोरडी होऊ द्या आणि थर्मल टेपने चिकटवा. ट्यूनर जेमतेम 4 मिलिमीटरचा आहे, त्यावरचा हीटसिंक शेजारच्या भागांना टेकता कामा नये. चांदीमिश्रित पेस्ट इथे वापरूच नका, ओघळली तर शॉर्ट करू शकते.

पंखा शेवटचा उपाय. 40 मिलिमीटरचा, 5 व्होल्टचा पंखा पुरतो. त्याला वेगळ्या अडॅप्टरवरून वीज द्या, नाहीतर मोटरचा गोंगाट रिसीव्हरमध्ये उतरतो. उघड्या बोर्डावर झोत मारू नका. आपल्याला नुसता गारवा नको, स्थिर तापमान हवं. क्रिस्टलवर वाऱ्याची झुळूक येत-जात राहिली तर वारंवारताही हलत राहते. झोत डबीच्या बाहेरून जाऊ द्या.

सगळं जोडून अर्धा तास चालू ठेवा आणि एखादा स्थिर, अरुंद सिग्नल वॉटरफॉलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या सिग्नलच्या सरकत्या चित्रात, पाहा. सुरुवातीला रेघ तिरकी सरकेल, नंतर सरळ उभी राहायला हवी. हे सरकणं पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखात किती भाग असं, मोजतात: 1090 मेगाहर्ट्झवर 1 पीपीएम म्हणजे 1090 हर्ट्झ. धातूची डबी हाताला गरम लागली तर घाबरू नका, उष्णता बाहेर येते आहे. डबी गार आणि रेघ सरकतेच आहे, तर पॅड टेकलेला नाही, पुन्हा उघडा.

गच्चीवर अँटेनाजवळ डोंगल ठेवणार असाल तर पांढरी पेटी घ्या, ती टाकीच्या सावलीत, उत्तरेच्या भिंतीला लावा. भोकं फक्त तळाला पाडा, आणि केबल पेटीत शिरण्याआधी खाली लोंबती ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून आत न जाता तिथेच ठिबकेल.