फटाक्यांच्या गिफ्ट बॉक्सची खरी किंमत कशी जोखावी

सोयाबीनचा पैसा हातात येतो न येतो तोच दिवाळी येते आणि तालुक्याच्या बाजारात फटाक्यांच्या दुकानांपुढे रंगीत गिफ्ट बॉक्सच्या थप्प्या लागतात. घरात लहान मुले असली की असा एक बॉक्स घेणे सोयीचे वाटते, कारण फुलझडी, अनार, चकरी, रॉकेट असे सगळे एकाच खोक्यात मिळते आणि दुकानदारही तो छापील किमतीच्या निम्म्याहून कमी भावात देतो. परंतु झाकणावर ठळक अक्षरांत छापलेला ‘३० आयटम’ हा आकडा आणि कडेला छापलेली किंमत, या दोहोंवरून आतल्या मालाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. फटाक्यांच्या धंद्यात छापील किंमत फुगवूनच छापण्याची रीत पडलेली असल्यामुळे सत्तर टक्के सुटीला भुलण्याचे कारण नाही. फटाक्यांवर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणून भाव करताना तो करासह किती पडतो एवढे मात्र आधीच विचारून घ्यावे.

आयटम मोजण्याची पद्धत तर त्याहून गमतीची आहे. टिकल्यांची एक डबी हा एक आयटम, रंगीत काडीपेटी हा दुसरा, नागगोळ्यांचे पाकीट हा तिसरा. दोन वर्षांपूर्वी मी घेतलेल्या ३० आयटमच्या बॉक्समध्ये टिकल्यांच्या पाच डब्या, चार काडीपेट्या, नागगोळीची तीन पाकिटे आणि टिकल्या फोडण्याचे एक पत्र्याचे पिस्तूल निघाले, म्हणजे तेरा आयटम तिथेच संपले. उरलेला माल पुठ्ठ्याच्या एका खोट्या तळावर मांडलेला होता आणि तो पुठ्ठा उचलला तर खाली चार बोटे पोकळी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणात अर्धा तासही तो बॉक्स पुरला नाही. नागगोळीविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली मुलांच्या आवडत्या फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सर्वांत घातक धूर या आवाज न करणाऱ्या गोळीचाच निघाला. बॉक्समधला सर्वांत स्वस्त भरणा हाच सर्वांत घाणेरडा असतो.

म्हणून पहिला हिशेब सुट्या भावाचा करावा. चांगल्या बॉक्सच्या तळाशी किंवा कडेला आतल्या मालाची यादी, प्रत्येकाच्या नगांसह, छापलेली असते. तशी यादीच नसेल तर तो बॉक्स तिथेच ठेवावा. यादी वाचत त्याच दुकानात प्रत्येक वस्तूचा सुटा भाव विचारावा आणि बेरीज करावी. समजा, बॉक्स ६०० रुपयांना आहे आणि सुट्या मालाची बेरीज ४३० रुपये भरते, तर वरचे १७० रुपये पुठ्ठ्याचे आणि चित्राचे आहेत. त्यानंतर ज्या वस्तू आपण सुट्या कधीच घेतल्या नसत्या त्या यादीतून खोडाव्यात. आमच्याकडे या खोडण्यात पहिला क्रमांक रॉकेटचा लागतो, कारण दिवाळीच्या दिवसांत घरात वेचलेला कापूस असतो, गोठ्याला लागून कडब्याची गंजी असते, आणि कुठे पडेल याचा नेम नसलेली वस्तू अशा अंगणात फुकट मिळाली तरी महागच पडते. सुतळी बॉम्बचेही तसेच. दाव्याला बांधलेली जनावरे बिथरतात. असे खोडून उरलेली बेरीज हीच आपल्या घरापुरती त्या बॉक्सची किंमत होय.

वजनावरून माल जोखण्याचा मोह पुष्कळांना होतो, परंतु त्यात फसगत ठरलेली आहे. अनाराच्या बुडाला मातीचा बूच असतो आणि तो जाड ठेवला की अनार हाताला भारी लागतो, मात्र जळणारा मसाला कमीच असतो. त्यापेक्षा जळण्याचा वेळ मोजणे बरे. धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी त्याच कंपनीची फुलझडी, अनार आणि चकरी यांचे एकेक लहान पाकीट सुटे आणावे, प्रत्येकातला एक नग मोकळ्या जागी पेटवावा आणि मोबाइलमधल्या घड्याळावर सेकंद मोजावेत. दहा रुपयांत किती सेकंद मिळाले, हा आकडा दोन कंपन्यांच्या मालाची तुलना करताना कोणत्याही जाहिरातीपेक्षा उपयोगी पडतो. अनाराच्या बाबतीत सेकंदांबरोबर उंचीही पाहावी, कारण काही स्वस्त अनार बराच वेळ जळतात खरे, पण गुडघ्याच्या वर ठिणगी चढत नाही.

फुलझडी हा बॉक्समधला सर्वांत बोलका नग आहे. पाकिटावरचे ७, १०, १२, १५ किंवा ३० सेंटिमीटर हे माप तारेच्या पूर्ण लांबीचे असते, मसाल्याचे नव्हे. म्हणून एक फुलझडी बाहेर काढून मसाला तारेवर कुठवर आहे ते बघावे. निम्मी तार उघडी असेल तर माप कागदावरच राहिले असे समजावे. मसाल्याचा थर सर्व बाजूंनी सारखा आणि गुळगुळीत असावा, बोटाने हलकेच दाबल्यास त्याचे टवके निघू नयेत, आणि उघड्या तारेवर गंज नसावा. या गंजाला मी फार महत्त्व देतो. तार गंजली आहे याचा अर्थ तो माल ओलीत राहिला आहे, बहुधा मागच्या दिवाळीचा असून पावसाळाभर कुठेतरी पडून होता, आणि मग त्याच बॉक्समधल्या अनार-चकऱ्यांनीही ती ओल घेतली असणार. पाकिटावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणे बंधनकारक आहे. तिथे दुसरे लेबल चिकटवलेले आढळले तर नखाने खरवडून पाहायला लाजू नये. ओल लागलेल्या वातीवर पांढरी पूड दिसते आणि कागद मऊ पडतो. असा माल चुलीजवळ किंवा तापल्या टिनावर वाळवण्याचा उपाय गावात सर्रास सुचवला जातो. तो कोणीही करू नये.

चकरीची कागदी गुंडाळी घट्ट असावी आणि मधला भाग डगमगू नये, एवढे पाहिले तरी पुरते. शॉटच्या, म्हणजे एकामागून एक आकाशात उडणाऱ्या नळ्यांच्या, खोक्यांत मात्र नळ्यांची संख्या मोठी आणि नळी बारीक, असा प्रकार चालतो, म्हणून ३० शॉट आणि १२ शॉट यांची तुलना करताना नळीची जाडी शेजारी धरून पाहावी. उंच आणि अरुंद खोका पेटल्यावर कलंडण्याची भीती असते; तो घेतलाच तर चारी बाजूंनी विटा लावूनच पेटवावा.

माल कुणाचा आहे हेही बघावे लागते. आपल्याकडे येणारे बहुतेक फटाके तामिळनाडूतल्या शिवकाशीचे असतात आणि पाकिटावर कारखान्याचे नाव व पूर्ण पत्ता असतो. पत्ता नसलेला किंवा परदेशी लिपीतला माल घेऊ नये. क्लोरेट आणि गंधक एकत्र असलेले फटाके नुसत्या घर्षणानेही पेटू शकतात, आणि हे मिश्रण देशात १९९२ पासून बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये बेरियमचे क्षार आणि फटाक्यांच्या लडी यांवर बंदी घातली, दिवाळीत फटाके फोडण्याची वेळ रात्री ८ ते १० अशी ठरवली आणि हरित फटाक्यांची वाट मोकळी केली. हे हरित फटाके नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केले असून त्यांतून धुळीचे कण किमान ३० टक्क्यांनी कमी निघतात. पाकिटावर हिरवे चिन्ह व क्यूआर कोड असतो. तो स्कॅन करून कारखान्याचे नाव उघडत नसेल तर हरित म्हणून वाढीव पैसे मोजू नयेत. बॉक्समध्ये लड असेल तर ती हिशेबात शून्य धरावी.

खरेदी परवाना लावलेल्या दुकानातून करावी आणि बिल मागावे, त्यावर बॉक्सचे नाव लिहून घ्यावे. सील न फोडलेला बॉक्स परत घेणार का, हे पैसे देण्याआधी विचारावे, कारण नंतर ‘गेलेला माल परत नाही’ ही पाटी दाखवली जाते. घरी आणल्यावर तो देवघराच्या दिव्यापासून आणि कापसाच्या खोलीपासून दूर, कोरड्या कोठीत ठेवावा. फुसका निघालेला नग पुन्हा पेटवू नये. बराच वेळ थांबून लांब काठीने पाण्याच्या बादलीत ढकलावा आणि रात्रभर तसाच भिजू द्यावा. सकाळी अंगण झाडताना बादलीतले असे नग मोजून बिलाच्या मागे लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षी दुकानात कोणत्या कंपनीचा बॉक्स हातात धरायचा नाही, ते त्या बिलावरच सापडते.