पहिलं वाक्य आणि अर्ध्यावरचं शटर

इंदूरवर कथा लिहायची म्हटली की पहिल्या वाक्यात सराफा बाजार हजर. तो बहुतेकदा असा येतो: ‘सराफ्यात रात्रीची वेळ होती. सगळीकडे गजबज होती आणि खमंग वास दरवळत होता.’ चूक काही नाही, पण घडतही काही नाही. दोन वाक्यांत तीनदा होती-होता. इंदूरच्या वाचकाला हे ठाऊकच आहे, पुण्याच्या वाचकाला यातून काही दिसत नाही.

तीच जागा अशी लिहून बघा: ‘सराफ्यातली दागिन्यांची दुकानं बंद झाली, गराडूवाल्याची कढई तापली, तरी नानांच्या पेढीचं शटर अर्धंच खाली आलं होतं.’

सोळा शब्द. सराफ्यात दिवसा सोनं-चांदी आणि रात्री त्याच बंद दुकानांपुढे खाण्याच्या गाड्या, हा रोजचा क्रम. तो एका जागी मोडला आणि वाक्य उभं राहिलं. म्हणून आधी आपल्या जागेचा रोजचा क्रम दोन-तीन ओळींत लिहून काढा, मग त्यातली एकच गोष्ट बिघडवा. एकच. शटर अर्धं, गल्लीतले दिवे गेलेले आणि नानाही गायब असं सगळं एकदम आलं, तर वाचकाला कशाच्या मागे जावं तेच कळत नाही.

गराडू थंडीतच तळले जातात, त्यामुळे ‘थंडीचे दिवस होते’ हे लिहावं लागलं नाही. मात्र ‘गराडू म्हणजे एक कंद’ असं समजावत बसू नका. पुढच्या एखाद्या वाक्यात कोणीतरी त्यावर जीरावन मसाला भुरभुरवून लिंबू पिळू दे, पुरतं तेवढं. हिंदीचंही तसंच. गिऱ्हाईक ‘भिया, बंद कर रहे हो क्या?’ असं विचारणारच, त्याचं मराठी करू नका. पण अशी तीन वाक्यं सुरुवातीलाच ओळीने नकोत.

आता शब्दांचा क्रम. मराठीत क्रियापदाच्या लगेच आधी जे येतं त्यावर भार पडतो. ‘नानांनी मुलीचे दागिने विकले’ ही नुसती बातमी झाली. ‘मुलीचे दागिने नानांनी विकले’ म्हटलं की संशयित सापडला. ‘मुलीचे दागिने विकले नानांनी’ हे ओट्यावर बसून कोणीतरी सांगतंय. निवेदक तसा बोलका असेल तरच ही रचना घ्या, नाहीतर दुसऱ्याच परिच्छेदात आवाज बदलल्यासारखा वाटतो.

संवादाने सुरुवात करायची असेल तर नातं क्रियापदाच्या रूपातून सांगा. ‘नाना, जेवून घे’ आणि ‘नाना, जेवून घ्या’ यांत अख्खं घर बदलतं. बोलणारं माणूस कोण आणि कुठे उभं आहे, हे तिसऱ्या वाक्यापर्यंत कळायला हवं.

गजराने जाग येणं, आरशात स्वतःचं वर्णन करणं, शेवटी स्वप्न निघणं हे सरळ खोडा. ‘त्याला कुठे ठाऊक होतं की…’ हेसुद्धा. तो उधारीचा माल आहे: उत्कंठा पुढच्या घटनेची, आणि घटना अजून लिहायचीच आहे. पहिल्याच ओळीत प्रेत टाकण्याचा मोह त्यातलाच. पहिल्या दीडशे शब्दांत त्या प्रेताशी कोणाचं काय देणंघेणं आहे ते दिसलं नाही, तर वाचक पान उलटतो.

पहिला खर्डा झाला की पहिला परिच्छेद हाताने झाकून दुसऱ्यापासून मोठ्याने वाचा. काही अडलं नाही तर पहिला काढून टाका. बऱ्याचदा तो लेखकाने हात मोकळा करायला लिहिलेला असतो.

पक्कं पहिलं वाक्य मात्र शेवट लिहून झाल्यावरच ठरवा. ‘शटर अर्धंच खाली आलं होतं’ यात ते कोणी केलं हे लपलेलं आहे: कुलूप अडकलं असेल, कोणी थांबवलं असेल. कथेअंती ते नानांनी मुद्दाम तसं ठेवल्याचं निघत असेल, तर ‘आलं होतं’ राहू द्या. ही गोष्ट सुरुवातीपासूनच उघड असेल, तर ‘नानांनी शटर अर्धंच ओढलं’ असं लिहा.